साडूभाऊंचा रविवारचा ईमेल

ज्याच्याकडे ईमेलचा पत्ता नाही तो माणूस अजून पुरता जन्मलेलाच नाही, असं मानणारा एकच गृहस्थ आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे, आणि दुर्दैवाने म्हणा की सुदैवाने, तो माझा साडू आहे. मी जन्मभर पोस्टात नोकरी केली. पत्ता म्हणजे घर, गल्ली, तालुका, जिल्हा आणि शक्य असल्यास दारासमोरचं कडुनिंबाचं झाड, अशी माझी समजूत. साडूभाऊंच्या लेखी हा सगळा मातीतला पसारा. "भाऊ, घर बदलते, गाव बदलते, कोणाकोणाची बायकोबी बदलते," ते मला म्हणाले होते, "पण माणूस ईमेल बदलत नाई. पासवर्ड इसरला तरच बदलते."

नोकरीत ते ऊर्जानगरला होते, वीजकेंद्रात, टर्बाइनवर. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि चिमूरच्या अलीकडे आपल्या गावी जाऊन धान पिकवू लागले. इथवर सगळं सरळ होतं. पण पहिल्याच उन्हाळ्यात बाजेवर पडून मोबाइल बघताना त्यांना एक कोट घातलेला तरुण दिसला. खरा पैसा मालात नसतो, यादीत असतो, असं तो सांगत होता. ज्याच्याजवळ लोकांच्या ईमेलची यादी, तो राजा. हे ऐकून साडूभाऊ जे बाजेवर उठून बसले ते आजतागायत पुन्हा आडवे झालेले नाहीत, असं माझ्या मेव्हणीचं म्हणणं आहे. त्यांनी त्या कोटवाल्याचा अख्खा वर्ग लावला. मोबाइल तुळशीवृंदावनाला टेकवून समोर मांडी घालून बसायचे आणि तो "समजलं?" म्हणाला की मोठ्याने "हो जी" म्हणायचे. मी हसलो तेव्हा मात्र गंभीर झाले. "आपला तांदूळ व्यापारी नेते, आपल्या थैलीत भरते अन् आपल्या नावानं इकते. काऊन? खाणाऱ्याचा पत्ता त्याच्यापाशी हाये म्हणून. आता पत्ता मी घेतो."

पत्ते घ्यायला ते कुठेही मागेपुढे पाहत नसत. कोटवाल्याने सांगितलं होतं की पत्ता मागण्याआधी काहीतरी फुकट द्यावं. साडूभाऊंनी चारोळीच्या पुड्या बांधल्या आणि खिशात घालून लग्नालग्नांतून हिंडू लागले. माझ्या पुतणीच्या लग्नात आहेर देणाऱ्यांपेक्षा त्यांच्यापुढची रांग मोठी होती, आणि नवरदेवाचा मामा दोनदा रांगेत लागला, दोन्ही वेळा वेगवेगळा ईमेल सांगून. तेरवीच्या जेवणालाही त्यांनी सोडलं नाही. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, निदान इथे तरी नको." तर मला म्हणाले, "दुःखात माणूस खोटा पत्ता देत नाई भाऊ." एकदा आम्ही दोघं एसटीने येत असताना जंगलातल्या रस्त्यावर मधोमध वाघ येऊन बसला. बस थांबली. मागेपुढे पर्यटकांच्या गाड्या थांबल्या. सगळे श्वास रोखून वाघाकडे बघत होते आणि साडूभाऊ वाघाकडे पाठ करून सीटासीटाशी जात कुजबुजत होते, "तुमचा ईमेल काय जी?" शेवटी खिडकी थोडी सरकवून त्यांनी शेजारच्या गाडीतल्या बंगाली कुटुंबाचाही पत्ता मिळवला. वाघ कंटाळून उठून गेला तेव्हा साऱ्या बसला हळहळ वाटली, पण साडूभाऊंइतकी कोणालाच नाही. ड्रायव्हर अजून राहिला होता.

गावात प्रश्न वेगळा होता. गावात कोणाकडे ईमेल नव्हताच. मग साडूभाऊंनी स्वतःच घरोघर जाऊन सगळ्यांचे ईमेल काढून दिले. पासवर्ड लोकांच्या लक्षात राहीना म्हणून सगळ्यांना एकच दिला आणि तो स्वतः लक्षात ठेवला. पुढे दर रविवारी ते आपल्या तांदळाचा ईमेल या सर्वांना पाठवायचे आणि कोणी उघडत नाही असं दिसलं की एकेकाच्या नावाने आत शिरून स्वतःच उघडायचे. कोटवाल्याच्या वर्गात आपले ईमेल किती जण उघडतात ते प्रत्येकाला सांगावं लागे. साडूभाऊ पहिले आले.

कोणी ईमेल उघडला, कधी उघडला, हे पाठवणाऱ्याला कळतं, ही विद्या त्यांच्या हाती लागायला नको होती. चंद्रपूरला एका बारशात ते माझ्या जुन्या साहेबांना म्हणाले, "तुमी मंगळवारी उघडला, पण खाली नाई गेले. तांदळाचा फोटो खाली होता." आमच्या थोरल्या भावाला त्यांनी फोन केला की तुम्ही पहाटे तीनला उघडला, झोप लागत नाही काय, झोपताना तळपायाला तेल चोळा. भावाने तेव्हापासून त्यांचा ईमेल उघडायचं सोडलं, पण तेल चोळतो.

पुन्हा कोटवाल्याचं सांगणं असं की विषयाची ओळ चमकदार पाहिजे, वाचणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकला पाहिजे. हल्ली लोकांचं वाचन कमी झालं या विषयावर साडूभाऊंनी एक कळकळीचा ईमेल लिहिला आणि वर विषय दिला, 'आता आम्ही काही वाचत नाही'. अमरावतीहून त्यांची सख्खी बहीण मिळेल त्या बसने रडत आली. अंगणात साडूभाऊ धडधाकट दाढी करताना दिसले तेव्हा तिने आधी मिठी मारली आणि मग साबणाच्या फेसासकट कानशिलात दिली.

एवढं सगळं खरं, पण त्यांचे सुरुवातीचे ईमेल चांगले असायचे, हेही मला सांगितलं पाहिजे. बांधावरच्या बेडकांविषयी लिहीत, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायका कोणाची नक्कल करून हसतात ते लिहीत. हेमलकशाच्या पलीकडे एका पाड्यावरून ते मध आणत. मध देणाऱ्या बाईविषयी त्यांनी लिहिलं, 'जंगलातली एक म्हातारी'. पुढच्या खेपेला मोठ्या हौसेने त्यांनी तो ईमेल तिला वाचून दाखवला. तिने मधाचा डबा परत आपल्याकडे ओढला. "म्हातारी कोण?" त्या रविवारी सगळ्या यादीला ईमेल गेला, 'दुरुस्ती. मागच्या पत्रातली म्हातारी ही म्हातारी नाही. टेकडी ती माझ्याआधी चढते आणि वर जाऊन मला हसते.'

खरी पंचाईत गेल्या वर्षी झाली. यादी लांबलचक झाली होती, तिचा भरवसा वाटू लागला होता. व्यापारी नेहमीसारखा आला तेव्हा साडूभाऊंनी त्याला चहा पाजून परत पाठवला आणि आपलाच नाही, तर शेजारच्या दोन घरांचाही तांदूळ आपल्या घरात लावून घेतला. "मी आहे ना," म्हणाले. समोरच्या खोलीत पोती, मधल्या खोलीत पोती. मेव्हणीला देवापुढे दिवा लावायला पोत्यावर चढून जावं लागे. आणि तांदूळ काही हलेना. ओळखीच्यांनी थोडा थोडा घेतला आणि थांबले. त्यांतला एक शेजारी संध्याकाळी येऊन बसायचा, पोत्याला हात लावायचा आणि उठताना म्हणायचा, "सोंडे-किडे लागतीन ना भाऊ आता तांदळाले." व्यापारी फटफटीवरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवायचा. साडूभाऊंनी घाबरून कोटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, घाई उत्पन्न करा. मग रविवारच्या ईमेलचा रोजचा ईमेल झाला. त्वरा करा. शेवटची संधी. आज नाही तर कधीच नाही. आणि लोक यादी सोडून जाऊ लागले.

यादीतून नाव काढायला ईमेलच्या तळाशी एक बटण असतं, आणि कोणी ते दाबलं की साडूभाऊंच्या मोबाइलवर टिंग वाजे. बाकीच्यांसाठी तो नुसता आवाज. ते मात्र जेवता जेवता घास खाली ठेवत. "गेला," म्हणत, "सांगूनबी नाई गेला." मेव्हणीने त्या दिवसांत मला फोन केला. "ह्यायले समजवा जी. घरात मयत असल्यावानी बसून राह्यतेत." मी गेलो त्याच दिवशी पुन्हा टिंग वाजलं. साडूभाऊंनी मोबाइल पाहिला आणि पुन्हा पाहिला. नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना ते न बघताच मॅडम म्हणत, यादी सोडून गेल्या होत्या. अगदी पहिल्यापासूनच्या. प्रत्येक ईमेलला उत्तर देणाऱ्या, तेही शुद्धलेखनाच्या चुका दाखवून. "मले कारण पाह्यजे," साडूभाऊ म्हणाले. तांदूळ पाठवला होता म्हणून घराचा पत्ता होता. "तुमी पोस्टातले. घर शोधून द्या."

नागपूरला दार मॅडमच्या सुनेने उघडलं. साडूभाऊंनी हात जोडले. "मी रविवारचा ईमेलवाला. माह्यं काय चुकलं, तेवढं इचाराले आलो." ती बिचारी पार गोंधळली. आतून आवाज आला, "कोण आहे गं?" आणि भिंतीला हात लावत, अंदाज घेत, एक लहानखुऱ्या बाई बाहेर आल्या.

"तांदूळवाले काका आलेत, आई."

"अगबाई! बसा, बसा. अहो, मी नाही हो तुम्हाला काढलं. मला आता दिसत नाही. दिसेनासं झाल्यापासून हीच वाचून दाखवायची, उत्तरंही मी हिच्याकडूनच लिहून घ्यायचे."

सून खाली बघत म्हणाली, "काका, राग मानू नका. बटण मी दाबलं. सकाळी माझे डबे असतात, ऑफिस असतं. त्यात तुम्ही रोज त्वरा करा, त्वरा करा. माझीच घाई मला पुरते हो."

मॅडम म्हणाल्या, "ते बेडकांचं जुनं पत्र मी हिच्याकडून पुन्हा दोनदा वाचून घेतलं होतं. हल्लीची पत्रं तुम्ही लिहिता की दुसरं कोणी?"

"वर्गात सांगते तसं लिहून राह्यलो जी."

"तांदूळ त्या वर्गाचा आहे का?"

"नाई. माह्या अन् शेजाऱ्यायचा हाये."

"मग तसं लिहा ना."

परतीच्या बसमध्ये साडूभाऊंनी एकालाही ईमेल विचारला नाही. मला काळजी वाटली. पण त्या रविवारी सकाळी त्यांनी मॅडमना फोन लावला आणि नवा ईमेल आधी त्यांना वाचून दाखवला. त्यांनी एकेक शब्द कसा लिहिलाय ते विचारून दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एक उपमा काढायला लावली आणि मग तो यादीला गेला. मला तो जवळजवळ पाठ आहे. 'घरात तीन घरांचा तांदूळ आहे. व्यापाऱ्याला मी परत पाठवलं, त्यात थोडा ताठा होता. आता देवापर्यंत जायला पोत्यावरून जावं लागतं आणि बायको माझ्याशी फक्त शेजाऱ्यामार्फत बोलते. तांदूळ चांगला आहे. भात मोकळा होतो. तुम्हाला घाई नाही, मलाही नाही. घाई फक्त सोंड्यांना आहे.'

सोमवारी मोबाइल वाजू लागला तेव्हा साडूभाऊंनी सवयीने घास खाली ठेवला. पण ही मागणी होती. मग दुसरी. बंगाली कुटुंबाने मागवला, बारशातल्या साहेबांनी मागवला, कोणीतरी पुढे पाठवलेलं वाचून सोडून गेलेले काही जण परत आले. दोन्ही शेजारी बायकापोरांसह थैल्या भरायला बसले, पत्ते मी लिहिले, आणि मला माझी नोकरी परत मिळाल्यासारखं वाटलं. सगळा तांदूळ गेला नाही. शेवटची काही पोती व्यापाऱ्यालाच द्यावी लागली. मात्र या वेळी भाव शेजाऱ्याने सांगितला आणि साडूभाऊंनी नुसता चहा पाजला. कोट घातलेल्या तरुणाची यादी साडूभाऊंनी त्याच सुमारास सोडली. बटण दाबण्याआधी त्याला रीतसर ईमेल लिहिला, 'मी जातो. सांगून जातो.'

मॅडमना रविवारचा फोन अजून जातो. पण या हिवाळ्यापासून त्यांचे कानही साथ देईनासे झाले आहेत. साडूभाऊंना अंगणात उभं राहून ओरडून वाचावं लागतं, आणि ओरडणं असं की अख्खी गल्ली ऐकते. आता लोक आपापला चहाचा कप घेऊनच येतात, कट्ट्यावर, बैलगाडीच्या धुरेवर टेकतात. ज्यांनी कधी ईमेल उघडला नाही तेही ऐकतात आणि मधेच "ते तसं नोहोतं भाऊ" म्हणून चूक काढतात.

मागच्या रविवारी मी तिथेच होतो. मोहाची पानं गळू लागली होती, त्याविषयीच लिहिलं होतं. साडूभाऊंनी ओरडून ओरडून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "झालं मॅडम. आलं का ऐकू?" पलीकडून बारीक आवाज आला, "शब्द नाही कळले हो. तुम्ही आहात एवढं कळलं. वाचा ना अजून."

गल्लीत कोणी कप खाली ठेवला नाही, कोणी उठलं नाही. साडूभाऊंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.