राक्षशिणीला दिलेला आवाज

मालिका जपानी होती. एक साधा, घाबरट पोरगा मरतो, दुसऱ्याच जगात जाऊन पडतो आणि तिथल्या सहा-सात मुली एकदमच त्याच्या प्रेमात पडतात. असल्या कथांचं तिकडे पीकच आहे, त्यातलीच ही एक. राजकन्या, चेटकीण, लांब कानांची वनकन्या अशा सगळ्या नाजूक पोरी, आणि त्यांच्यात एक राक्षशीण. विटकरी रंगाची, कपाळावर एक शिंग, अशी ताडमाड की दारातून आत येताना चौकट अंगावर घेऊनच यायची. दर भागात ती त्या पोरासाठी शिकार करून काहीतरी खायला आणायची आणि तिला बघून तो पळत सुटायचा. हसायचं ते तिलाच. तो तिला कधी निवडणार नाही हे पहिल्या भागापासून सगळ्यांना कळलेलं असतं. फक्त तिलाच कळलेलं नसतं.

बीसीए होऊन मी तेव्हा घरी बसले होते. मुलाखती देत होते आणि कुठूनच उत्तर येत नव्हतं. वेळ जावा म्हणून मी त्या राक्षशिणीच्या छोट्या तुकड्यांना मराठी आवाज द्यायचे आणि इन्स्टावर टाकायचे. पण आई शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे आमच्या घरचं मराठी धुऊन वाळत घातल्यासारखं. माझी राक्षशीण म्हणायची, 'थांब ना, मी तुझ्यासाठी जेवण आणलंय.' दोन मैत्रिणी सोडल्या तर कुणी हसलं नाही.

त्याच वर्षी वहिनी आमच्याकडे राहायला आली. माझ्या चुलतभावाची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दादा श्रीपूरला साखर कारखान्यात होता, हंगामात चौघांना मिळून एक खोली, तिथे बायकोला कुठे नेणार? आणि वहिनीला सोलापुरात लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. तिचं माहेर उजनीच्या पाण्याकाठचं. उंचीने ती दादापेक्षा चार बोटं जास्त, खांदे रुंद, आवाज शेतातून शेतात पोचेल असा. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं. त्या दिवशी मी आणि बाबा मिळून एक कॅन गच्चीवर न्यायचो. वहिनी दोन्ही हातांत दोन घेऊन जिना चढायची आणि वरून ओरडायची, "आजून हाईत का खाली?"

आईला ती 'आत्याबाई' म्हणायची. आईने दोनदा सांगून पाहिलं, "काकी म्हण गं." वहिनी "व्हय, आत्याबाई" म्हणाली आणि विषय संपला. मला 'वन्सं' म्हणायची. मी तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान.

एका दुपारी मी तुकडा कापत बसले होते. वहिनी भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर राक्षशीण खांद्यावर अख्खं रानडुक्कर टाकून त्या पोराच्या मागे धावत होती.

"आगं बया, ही तर आमच्याच गावची दिसतीया," वहिनी म्हणाली.

"काय म्हणत असेल ती, सांग बरं."

तिने घास गिळला आणि एका दमात सुरू केलं, "आवं, पळताय कुटं? थांबा की जरा! सकाळधरनं रान तुडवून डुक्कर आनलंय, दोन घास तरी खावा की!"

मी हसून खुर्चीवरून खाली यायची राहिले. तेच वाक्य मी तिच्यासारखा आवाज काढून भरलं. तिला दाखवलं, तर तोंडाला पदर लावून तीही हसली. म्हणाली, "वन्सं, तुमाला लई जमतंय की."

हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. तिनेच सुरुवात केली, तिला मजा वाटली होती.

तो तुकडा बघता बघता पसरला. माझ्या कॉलेजची मुलं, त्यांची भावंडं, मी न ओळखणारी माणसं खाली लिहायला लागली, 'अजून टाका'. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणाला माझं काहीतरी हवं होतं. मी फोनमध्ये एक यादी सुरू केली आणि तिला नाव दिलं 'राक्षशीण'. वहिनी जेवताना, भांडी लावताना, कोर्सहून येताना रिक्षावाल्याशी झालेलं भांडण सांगताना जे बोलायची, ते मी त्यात उतरवून घ्यायचे. तिला विचारायचं मी बंद केलं, आणि दाखवायचंही.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला दादाचा फोन यायचा. तेव्हा ती गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायची. एकदा मी वाळलेले कपडे काढायला वर गेले. तिची माझ्याकडे पाठ होती. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"तुमी तितं एकलं जेवताय, हितं माझ्या घशाखाली घास उतरंना," ती म्हणत होती. मग थोडं थांबून, "लोकं म्हंत्यात, बायकू केवडी थोराड केली. दिसत आसंन मी थोराड. पन तुमच्या म्होरं मी चिमनीएवडी हाय."

मी कपडे न काढताच खाली आले आणि विसरायच्या आत ते लिहून घेतलं.

राक्षशीण त्या पोरापुढे गुडघ्यावर बसते असा एक तुकडा होता. बसल्यावरही तिचं डोकं त्याच्या डोक्याच्या वरच. त्यावर मी तेच शब्द घातले, तोच हळू आवाज काढून. आजवर केलेल्यातलं ते सगळ्यात चांगलं होतं. खरंच चांगलं होतं, म्हणूनच ते आज सांगताना मान वर होत नाही. आठवडाभरात 'चिमनीएवडी हाय' हा शब्द गावभर झाला. आमच्या गल्लीतली पोरं जाडजूड बाईमागे ते म्हणायला लागली. आईच्या शाळेतल्या बाईंनी तिला ते दाखवलं आणि आई घरी येऊन हसली. वहिनीकडे तेव्हा साधा फोन होता. तिच्यापर्यंत ते पोचणार नाही असं मी गृहीत धरलं.

रविवारी दादा आला. न कळवता. पाणीही न घेता तो स्वयंपाकघरात गेला. मी तिथेच लसूण सोलत होते.

"हे तू कुनाला सांगितलंस का?" त्याने वहिनीला विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"काय?"

त्याने मोबाइल पुढे धरला. माझ्याच आवाजात राक्षशीण बोलली. कँटीनमध्ये कुणीतरी ते लावलं होतं आणि सगळे ताटावर हसत होते, असं त्याने सांगितलं. "मीबी हसलो पैल्यांदा," तो म्हणाला, "मंग ध्यानात आलं."

वहिनीच्या हातात भाकरी होती. ती तिने तव्यावर टाकली नाही, परातीत परत ठेवली. मग माझ्याकडे वळली.

"वन्सं, तुमी आयकलंत व्हय?"

हो म्हणायला एक क्षण होता. मी म्हणाले, "काय ऐकलं? ते मूळ जपानीतच तसं आहे. मी फक्त भाषांतर केलं."

"तिकडंबी आसंच बोलत्यात?"

"हो, असंच काहीसं."

"आसं व्हय," ती म्हणाली. दादाकडे बघून तिने जरा हसायचा प्रयत्न केला. "बगा, म्हनजे समद्या बायका येकच बोलत्यात." दादा मात्र माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा लसूण सोलायला लागले. सोललेल्याच पाकळ्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरून आले तेव्हा ती माझ्या संगणकापुढे बसली होती. तो भाग तिने शोधून काढला होता. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. शेजारी तिची कोर्सची वही आणि माझा शाळेतला शब्दकोश. वहीत तिने एक-एक शब्द उतरवून त्यापुढे अर्थ लिहिला होता.

"ती म्हणते, जेवण गार होईल," वहिनी म्हणाली. "एवढंच म्हणते ती."

मला तिच्या शब्दांपेक्षा तिचा उच्चार आधी लागला. 'म्हणते', 'एवढंच'. प्रत्येक अक्षर जागच्या जागी, आईच्या फळ्यावरच्यासारखं.

"वहिनी, माझं चुकलं."

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि वही घेऊन उठली.

मी सगळे तुकडे काढून टाकले. त्याने काही झालं नाही. लोकांनी आपापल्याकडे घेऊन ठेवले होते आणि ते फिरतच राहिले. कोर्सच्या वर्गात एका मुलीने तिला 'चिमणी' म्हणून हाक मारली, हे मला आईकडून कळलं. वहिनीने मला सांगितलं नाही. ती मला आता काहीच सांगत नव्हती, पण वाईटही वागत नव्हती. चहा करायची, माझ्या मुलाखतीची चौकशी करायची. फक्त 'वन्सं' जाऊन 'ताई' आलं, 'हाय' जाऊन 'आहे' आलं. आई खूश झाली. म्हणाली, "बघ, कशी सुधारली पोरगी." मी आईला खरं काय ते सांगितलं नाही. तोही माझाच भित्रेपणा.

परीक्षा झाली, दादाला तिकडे वेगळी खोली मिळाली आणि ती श्रीपूरला गेली. मी एकदा एसटीने तिथे जाऊन पुन्हा माफी मागितली. तिने ऐकून घेतलं, पोहे केले, परतीची गाडी चुकू नये म्हणून स्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत दादा भेटला. त्याने तिला काहीतरी विचारलं आणि तिने त्यालाही 'व्हय' न म्हणता 'हो' म्हटलं. ते 'हो' मला सगळ्यात जास्त लागलं. आता ती त्याच्याशीही असंच बोलायची, की मी समोर होते म्हणून? ते मला आजही माहीत नाही.

गेल्या महिन्यात बाबांची साखर तपासायची होती. वहिनी आता सोलापुरातच एका लॅबमध्ये रक्त घेते. दोघांनी इथेच खोली केली आहे. बाबा म्हणाले, तिच्याकडेच जाऊ. आमच्या आधी मैंदर्गीकडचे एक आजोबा होते. सुईला घाबरून हात मागे ओढत होते.

"आवं आजोबा, येवडं भिताय व्हय?" आतून आवाज आला. मोठा, खणखणीत. "मूठ आवळा की! हां, आता तिकडं बगा, त्या पंख्याकडं. झालं की वो!"

आजोबा हसत बाहेर आले. मी बाकावर बसून ऐकत होते आणि मला रडू येईल असं वाटलं. तो आवाज गेला नव्हता. फक्त माझ्यापुरता बंद झाला होता.

तिने बाबांचं रक्त घेतलं, वाकून नमस्कार केला. मग मला म्हणाली, "ताई, रिपोर्ट पाच वाजता मिळेल. तुम्ही याल की मी पाठवू?"

"मी येईन," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं.