शोभनाबाईंनी राखलेला ओक

अमेरिकेच्या थंड उत्तरेकडल्या फार्गो शहराच्या सार्वजनिक वाचनालयात, तळघरातल्या एका खोलीत, दर मंगळवारी प्रौढांचा अक्षरवर्ग भरतो. शोभनाबाई नेवारे यांची आणि माझी ओळख त्या वर्गात झाली. आम्ही दोघींनीही साठी उलटल्यावर अक्षराला हात घातला. शिकवणारी अबोली ही विद्यापीठात मातीवर संशोधन करणारी मुलगी. ती आम्हाला आधी मराठी अक्षरे शिकवी आणि मग इंग्रजी. पहिल्या दिवशी तिने प्रत्येकीला विचारले की लिहायला कशासाठी शिकायचे आहे. कोणी औषधाच्या बाटलीवरचे वाचायचे म्हणाले, कोणी नातवंडांना वाढदिवसाचे कार्ड लिहायचे म्हणाले. शोभनाबाई म्हणाल्या, "मले एका चिठ्ठीले उत्तर द्याचं आहे."

ती चिठ्ठी कोणती आणि तिला उत्तर काय गेले, हे मी त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकले. शेवटचा भाग मी स्वतः पाहिला. ते सर्व क्रमाने लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

शोभनाबाई यवतमाळ जिल्ह्यातल्या. दारव्ह्याजवळच्या एका सरकारी रोपवाटिकेत त्यांनी बावीस वर्षे रोजंदारीवर माती चाळली, पिशव्या भरल्या, रोपांना पाणी घातले. तिथल्या बायांचा एक रिवाज होता. रोप मेले असे साहेबांनी सांगितले, तरी अंगठ्याच्या नखाने साल खरवडून पाहिल्याशिवाय ते फेकायचे नाही. सालीखाली हिरवे दिसले की रोप परत रांगेत. त्यासाठी शोभनाबाईंच्या उजव्या अंगठ्याचे नख कायम वाढवलेले असे, आणि ते आजही तसेच आहे.

पती गेल्यानंतर मुलगा संग्राम त्यांना फार्गोला घेऊन आला. शहराच्या पश्चिमेला, जिथे पूर्वी बीटाची शेते होती, तिथे नवी वसाहत झाली आहे. तिथे त्याचे घर. जमीन पाटासारखी सपाट, आणि वाऱ्याला अडवायला काही नाही. बांधकाम करणाऱ्याने प्रत्येक घरापुढे एकेक मेपल लावून दिला होता. सगळे एका मापाचे आणि एका जातीचे.

पहिल्याच उन्हाळ्यात शोभनाबाईंनी पाहिले की दारातल्या मेपलची पाने पिवळी पडत आहेत आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आहेत. संग्राम म्हणाला, पाणी कमी पडत असेल. सून रेणू म्हणाली, खत आणू. शोभनाबाई खाली बसल्या. त्यांनी मातीचे ढेकूळ उचलले, ओले केले आणि तळहातावर वळून त्याची लांब वात केली. वात तुटली नाही. ही तर त्यांच्या गावची कापसाची काळी माती होती. तीच चिकट, तीच उन्हात भेगाळणारी. आणि ते पानही त्यांच्या ओळखीचे होते. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याच्या बागा अशाच पिवळ्या पडतात. जमिनीत लोह असते, पण चुना ते झाडाला उचलू देत नाही. ताट वाढलेले असून झाड उपाशी राहते.

"हे झाड इथलं नाही," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांत शेंड्यापासून वाळते का नाही पाह्य."

तिसऱ्या वर्षी मेपलचा शेंडा वाळला.

वसाहतीला घरमालकांची समिती आहे. घराचा रंग, कुंपणाची उंची, दारातले झाड, सर्व तिच्या संमतीने ठरते. समितीने कळवले की मेपल काढावा आणि यादीतले दुसरे झाड लावावे. यादीत बारा नावे होती, प्रत्येक नावापुढे फुललेल्या झाडाचे चित्र. रेणूची बहीण दूर दक्षिणेला, उबदार हवेच्या फ्रिस्कोला राहते. तिने आपल्या दारातल्या गुलाबी मोहराच्या झाडाचा फोटो पाठवला आणि तसेच लावा म्हणून कळवले. रेणूलाही ते आवडले. शोभनाबाईंनी एवढेच विचारले की हे झाड या गावात तीस वर्षे उभे आहे असे मला कोणी दाखवाल का. तसे कोणी दाखवू शकले नाही.

मग त्यांनी स्वतः शोध घेतला. रविवारी त्या संग्रामला गाडी काढायला लावत. पण झाडे विकणाऱ्या दुकानात त्या गेल्या नाहीत. त्या नदीकाठी गेल्या, जुन्या दफनभूमीत गेल्या, शेतावरच्या जुन्या घरांभोवती वारा अडवायला लावलेल्या रांगा पाहून आल्या. कोणी पाणी घालत नाही, कोणी छाटत नाही, आणि तरीही काय उभे आहे, एवढेच त्या पाहत. अ‍ॅश बरेच दिसले, पण त्या झाडाला पोखरणारा भुंगा इकडे सरकतो आहे, असे सर्वजण सांगत. हॅकबेरी त्यांना पसंत पडले. आणि दफनभूमीच्या उत्तरेच्या टोकाला, नेमके वाऱ्याच्या तोंडावर, एक रुंद ओक उभा होता. साल कोरड्या शेतासारखी फाटलेली. खाली पडलेल्या फळांना झालर लावलेल्या टोप्या. शोभनाबाईंनी एक फळ कोटाच्या खिशात टाकले आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलावर ठेवले.

"हे लावाचं."

संग्रामने फोनवर शोधले. नाव निघाले बर ओक. उणे चाळीसलाही टिकतो, चुनखडीही सोसतो. पण वाढायला फार सावकाश.

"आई, सावली यायला पंधरा वर्षं लागतील यार."

"तुह्या ग्रीन कार्डाच्या आधी येते," शोभनाबाई म्हणाल्या. रेणूला हसू आवरले नाही, आणि मग संग्रामलाही.

समितीच्या अध्यक्षा मार्लिस या सभ्य आणि काटेकोर बाई. त्यांनी यादीबाहेरच्या झाडाला संमती दिली, पण एक अट घातली. दरवर्षी एक जूनपर्यंत झाडाला पाने आलेली असली पाहिजेत. नसतील तर ते काढून यादीतले झाड लावावे लागेल.

छातीएवढे रोप आणले. शोभनाबाईंनी कुंडीत गोल फिरलेल्या मुळ्या चाकूने मोकळ्या केल्या. जिथे खोड रुंदावून मूळ सुरू होते, तो भाग त्यांनी मातीच्या वर राहू दिला. सशांसाठी तारेची जाळी बसवली, दोन फूट उंचीची. रोपवाटिकेत तेच माप होते आणि बावीस वर्षांत एकही ससा त्यावरून आत गेला नव्हता.

जानेवारीत बर्फ जाळीच्या काठापर्यंत चढला. ससे त्या बर्फावर आरामात बसले आणि जाळीच्या वरची साल त्यांनी चहूबाजूंनी कुरतडून खाल्ली. एप्रिलमध्ये बर्फ वितळला, तेव्हा खोडावर कमरेच्या उंचीला पांढरे कडे उमटलेले होते. शोभनाबाईंनी कड्याच्या वर नख लावले. आत तपकिरी होते. त्यांनी रोप स्वतःच्या हाताने उपटले आणि कोणाला दोष दिला नाही.

"चूक माही आहे," त्या रेणूला म्हणाल्या. "तिकडं जमीन जागची हालत नाही. इथं जमीनच वर चढते."

समितीची चिठ्ठी आली की दारात झाडच उरले नाही, म्हणजे अट मोडली आहे. संग्रामने इंग्रजीत उत्तर लिहिले आणि आणखी एक संधी मिळवली. शोभनाबाईंनी विचारले, काय लिहिलेस. त्याने विषय टाळला. रेणूने मात्र खरे सांगून टाकले. आई वृद्ध आहेत, एकट्या असतात, झाडात त्यांचा जीव गुंतला आहे, कृपया सांभाळून घ्यावे, असे त्याने लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना शोभनाबाई मुलाला म्हणाल्या, "माह्या नावानं भीक मागतली तू. मले झाड कळते असं लिहाले तुले काय झालं होतं?"

पुढच्या मंगळवारी शोभनाबाई वर्गात आल्या; समितीला यापुढचे उत्तर त्यांना स्वतःच्या हाताने लिहायचे होते.

त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी दुसरा ओक लावला. या वेळी जाळी चार फुटांची होती. उन्हाळ्यात झाडाला चांगली पाने आली. हिवाळ्यात पारा उणे चौतीसपर्यंत उतरला. बर्फ तीन फुटांवर चढला आणि सशांच्या पावलांचे ठसे जाळीपर्यंत येऊन परत फिरले. पण वसंत उशिरा आला. पाच मे रोजी पुन्हा बर्फ पडला. वीस मेला शेजारचे मेपल हिरवे झाले होते आणि ओक मात्र काठीसारखा उभा होता. नात स्वानंदी शाळेतून येताना त्याच्याकडे पाहून म्हणाली, "आजी, इट्स डेड." त्याच आठवड्यात समितीची सूचना आली. एक जूनला सकाळी झाड काढणारी गाडी येईल.

संग्रामने आईला समजावले. सगळे नेबर्स बघतात, कमिटीशी पंगा नको, पुढच्या वर्षी मागच्या अंगणात तुला हवे ते लाव.

"तू मले अडवू नको आणि माह्या वतीनं काही लिहू नको," शोभनाबाई म्हणाल्या. "एवढंच कर."

त्यांनी दोन मंगळवार बसून उत्तर लिहिले. अबोलीने अक्षरे दुरुस्त केली, पण एकही शब्द स्वतःचा घातला नाही. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि खाली मराठीत असे लिहिले होते: "हे झाड जिवंत आहे. साल खरवडून पाहा. मग बोला. शोभना नेवारे." त्यांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि जाळीला तारेने बांधला. एक जूनला सकाळी सात वाजता त्या खुर्ची घेऊन झाडाशेजारी बसल्या. अबोली मला तिच्या गाडीतून घेऊन गेली होती, म्हणून पुढचे मी पाहिलेले आहे.

गाडी आली, आणि तिच्यामागून मार्लिस आल्या. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग त्या शांतपणे म्हणाल्या की नियम पानांचा आहे, सालीचा नाही, आणि तो सर्वांना सारखा आहे. अबोलीने ते मराठीत सांगितले.

शोभनाबाई उठल्या. त्यांनी जाळी वर सरकवली, नखाने एका फांदीची साल तीळभर खरवडली आणि मार्लिसबाईंचा हात धरून त्यांचे बोट तिथे टेकवले. आत हिरवे होते आणि ओलेही होते. मार्लिसनी बोट पुसले आणि नियम पुन्हा सांगितला.

"सर्वांले सारखा आहे न?" शोभनाबाई म्हणाल्या. "मग चला. सर्वांचे पाहू."

त्या रस्त्याने निघाल्या. नाइलाजाने मार्लिसही निघाल्या, आणि आम्ही मागून. प्रत्येक मेपलपाशी शोभनाबाई थांबत आणि बोट वर करत. खाली पाने होती, पण शेंडे कोरडे होते, कुठे हातभर, कुठे पुरुषभर. सहावे घर मार्लिसबाईंचे होते. त्यांच्या मेपलचा शेंडाही वाळलेला होता. शोभनाबाईंनी एका फांदीकडे बोट केले आणि आपले नख पुढे धरून परवानगी मागितली. मार्लिसनी मान डोलावली. शोभनाबाईंनी खरवडले. आत तपकिरी होते.

"याले पानं आहेत आणि हे मरून राहिलं," त्या अबोलीला म्हणाल्या. "माह्या झाडाले पानं नाहीत आणि ते जगून राहिलं. आता यायले विचार, गाडी कोणत्या दारात लावाची."

अबोलीने जसेच्या तसे भाषांतर केले. मार्लिस वळून गाडीपाशी गेल्या, आणि गाडी रिकामी परत गेली. शोभनाबाईंनी खुर्ची उचलली आणि घरात जाऊन चहा ठेवला. संग्राम ऑफिसला गेला नव्हता, तो खिडकीतून पाहत होता. त्याने कप मांडले. आईला तो काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही.

सहा जूनला ओकच्या कळ्या फुटल्या. पाने उंदराच्या कानाएवढी होती. ऑगस्टमध्ये समितीने यादी नव्याने छापली. तिच्यात बर ओक आणि हॅकबेरी ही नावे आली आणि एक जूनची अट निघाली. मार्लिसबाईंनी आपला मेपल सप्टेंबरमध्ये काढला.

त्या हिवाळ्यात शोभनाबाई भाचीच्या लग्नासाठी यवतमाळला जाणार होत्या, आणि तिथून त्या मार्चपर्यंत परतणार नव्हत्या. ऑक्टोबरातल्या शेवटच्या मंगळवारी, वर्ग सुटल्यावर, त्यांनी मला दारापाशी थांबवले. संग्राम कामात विसरेल, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"बर्फ पडायच्या आधी जाळी एकदा मोजून ये. जमिनीपासून नको मोजू. बर्फ कुठवर चढते, तिथून मोज."