टूथपेस्टच्या रांगेतली सही

निवृत्त होऊनही सर्वण गावच्या त्या मुलीची तक्रार मनातून जात नाही. मी तेव्हा गोव्यात डिचोली तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. विशीतली ती मुलगी आईला घेऊन ठाण्यात आली आणि तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. दातांच्या आनुवंशिक दोषावरचा संशोधन लेख होता. त्यात तिचा उघड्या तोंडाचा फोटो, चेहऱ्यासकट. तिच्या घराण्यात काहींना पुढचे दात येतच नाहीत. फोटो फिरत धारगळ गावी पोहोचला आणि तिथे तिचं जुळत आलेलं लग्न मोडलं.

“दात तपासतत म्हणान शिबिरात गेलव,” ती म्हणाली. “नळयेत थुकी घेतल्यानी, फोटो काडल्यानी. माका कोणी इचारूक नाय.”

लेखाखाली मात्र छापलं होतं: नैतिकता समितीची मान्यता व सर्वांची लेखी संमती घेतली आहे.

संशोधक डॉक्टरांना कागदांसह बोलावलं. संमतीपत्रावर मुलीची सही होती.

“तुझीच?” मी विचारलं.

तिने सही निरखून पाहिली. “माझीच. पण ह्यो कागद मी बघूक नाय.”

“मग प्रश्न कुठे राहतो?” डॉक्टर म्हणाले.

काय घडलं ते साक्षीदाराला सांगू देण्यापेक्षा करून दाखवायला लावावं, ही माझी सवय. शिबिरातल्या परिचारिकेला बोलावलं, शिबिरातले कागद आणि कोरी संमतीपत्रं दिली आणि म्हणालो, “मी पेशंट. माझी सही घ्या.” तिने संमतीपत्रावर शिबिरातल्या मोफत टूथपेस्ट वाटपाची यादी ठेवली. खाली फक्त सहीची जागा उघडी राहिली. “टूथपेस्ट मिळाली, इथे सही करा,” म्हणाली आणि थबकली.

“रांग मोठी होती, सर. डॉक्टरांनीच असं लावायला सांगितलेलं.”

मग नैतिकता समितीचं मान्यतेचं पत्र पुन्हा वाचलं. परवानगी होती ती आधीच काढून जपून ठेवलेल्या दातांच्या अभ्यासासाठी. थुंकी आणि फोटो यांचा त्यात उल्लेखच नव्हता.

डॉक्टरांनी पाणी मागितलं. “लेखाखाली ती संमतीची ओळ सगळेच लिहितात,” ते हळूच म्हणाले.

जबाब नोंदवले, गुन्हा दाखल केला. पुढे लेख मागे घेतला गेला. धारगळची माणसं काही परत आली नाहीत. वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांनी रीतसर मान्यता घेऊन, मराठीत सगळं वाचून दाखवून तिला विचारलं. तिने थुंकी दिली, फोटोला नकार दिला. बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, “इचारल्यानी, म्हणान दिलंय.”

त्याच सुमारास एका चोरीचा पंचनामा केला. पंच होता एक दुकानदार; त्याने पेनासाठी हात पुढे केला. इतकी वर्षं मीही पंचांना फक्त सहीची जागा दाखवत आलो होतो. त्या दिवशी मात्र सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवला.

तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, “सर, ह्या चुकला. दार मोडलेला नव्हता, उघडाच होता.”

ती ओळ आम्हाला बदलावी लागली.