बशीतले चार स्क्रू

माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, पण निवृत्तीनंतर कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की मला आधी पान्यांची चोरीच आठवते. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. मी गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कचारगडच्या यात्रेचा बंदोबस्त आटोपून आम्ही नुकते परतलो होतो. अर्धे शिपाई सर्दी-तापाने आडवे, उरलेले चिडलेले. शुक्रवारी सकाळी हजेरी चालू असताना एक मेकॅनिक धावत आला. पस्तिशीचा असेल. "साहेब, माझी भिंत नेली जी!"

ठाणे अंमलदार हसला. भिंत कोण नेतो? पण जागेवर गेलो तेव्हा कळलं की माणूस बरोबर बोलत होता.

त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान गावाच्या मुख्य रस्त्यावर होतं. मागच्या भिंतीवर पिवळा रंगवलेला मोठा प्लायवूड. त्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, हातोडीची आकृती काळ्या रंगाने काढलेली, आणि ज्याच्या त्याच्या आकृतीवर ती ती वस्तू टांगायची. रोज लागणारे पाने छातीच्या उंचीला, वर्षातून दोनदा लागणारे वर. एक वस्तू जागेवर नसली तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसावं. त्याने सेट कधी विकत घेतला नव्हता. नागपूरला जायचा, दुकानदाराकडून बोल्ट मागून घ्यायचा, पाना त्यावर बसवून जोर लावून पाहायचा, घसरला की परत. असा एकेक करत बारा वर्षांत जमवलेला माल. त्या सकाळी भिंतीवर नुसत्या काळ्या आकृत्या होत्या.

मला चोरीला गेलेल्या मालाची यादी करायची गरजच पडली नाही. पंचांसमोर आकृत्या मोजल्या आणि पंचनामा लिहिला. फिर्यादी मात्र घाबराघुबरा झाला होता. सोमवारी दुपारी एका मोटारसायकल कंपनीचा माणूस दुकान पाहायला येणार होता. पसंत पडलं तर अधिकृत सर्व्हिसची पाटी, नाहीतर ती दुसऱ्या गावाला. "हे रिकामं भिताड पाहून तो काय पाटी देते, साहेब?"

माझ्या डोक्यात दोन गोष्टी खुपत होत्या. खाली टेबलावर इलेक्ट्रिक ड्रिल आणि ग्राइंडर तसेच पडलेले. विकायचं तर तेच आधी गेले असते. दुसरं, कुलूप शाबूत होतं. चोराने दाराच्या कोयंड्याचे चार स्क्रू खोलले होते आणि ते चारही उंबऱ्याजवळ एका प्लास्टिकच्या झाकणात, नीट ओळीने, ठेवले होते.

"लय सफाईचा चोर आहे जी," माझे हवालदार म्हणाले.

मी फिर्यादीकडे पाहिलं. तो झाकणाकडे बघत होता आणि त्याची बोलती बंद झाली होती. मघापासून टकळी चालू असलेला माणूस एकदम गप्प होतो तेव्हा पोलिसाने कान टवकारावेत. मी बाजूला घेऊन विचारलं, "कोणावर संशय?" तो म्हणाला, "ना जी. कोणावरच नाही." खोटं बोलत होता. चोर त्याला कळला होता.

खबर दिली ती चहाच्या टपरीवालीने. तिथे चहा घेत होतो तर तीच म्हणाली, "साहेब, सारं गाव चोरी पाहाले आलं. समोरचे उस्ताद काऊन नाही आले? एरवी कुठं काही झालं का पहिले तेच उभे राहतेत."

समोरच म्हणजे अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे, जुन्या उस्तादाचं दुकान. वय साठीच्या आसपास. आमचा फिर्यादी त्याच्याच हाताखाली शिकलेला. उस्तादाची हत्यारं एका लोखंडी घमेल्यात ढीग करून पडलेली असत. न बघता हात घालून बारा-तेराचा पाना काढतो, अशी त्याची ख्याती. पण गिऱ्हाईक हळूहळू रस्ता ओलांडून पिवळ्या भिंतीकडे गेलं होतं.

त्याला ठाण्यात बोलावलं. दोन तास झाले, माणूस हलेना. "मले कायले विचारून राहिले? मी झोपलो होतो." घरझडतीत काही मिळालं नाही. हवालदारांचा हात शिवशिवत होता. मी म्हटलं, थांबा.

माझ्या खोलीतल्या कपाटाचं दार बिजागरीतून लोंबत होतं. मी स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. "उस्ताद, बसलेच आहात तर हे तेवढं करून द्या." काम दिसलं तसा म्हातारा उठला. बिजागरी सैल केली, एक स्क्रू काढला, आणि माझ्याकडे न बघता डावा हात लांब करून टेबलावरची माझी बशी ओढली. स्क्रू बशीत. दुसरा त्याच्या शेजारी. मग तिसरा, चौथा, ओळीने.

मी ड्रॉवरमधून जप्त केलेलं ते झाकण काढलं आणि बशीशेजारी ठेवलं.

त्याने बशीकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "सवय आहे, साहेब. मीच शिकवली गावाले."

आता इथे एक कबुली मलाही द्यायची आहे. त्याच महिन्यात माझ्याच बॅचचा एक जण बढती घेऊन गोंदियाला बसला होता. माझ्यापेक्षा काम कमी, बोलणं जास्त. त्याच्या सत्काराचं निमंत्रण माझ्या टेबलावर होतं आणि मी त्यावर रोज चहाचा कप ठेवत होतो. पोटात आग म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको होतं. मी उस्तादाला ते निमंत्रण दाखवलं, त्यावरचे कपाचे गोल डाग दाखवले. म्हटलं, "मी जळतो, उस्ताद. तुमचं सांगा."

म्हाताऱ्याने एका डागावरून बोट फिरवलं. मग बोलला, आणि बोलतच राहिला.

"सकाळी शटर उघडलं का ते पिवळं भिताड डोळ्यांत घुसते. पोट्टे येऊन मले सांगतेत, उस्ताद, त्याच्याकडे कसं चकाचक आहे, तुमच्याकडे घमेला. अबे, त्याले पाना धरायचा मी शिकवला! रस्त्याच्या पलीकडं माझंच नाक कापून टांगलं होतं त्यानं. वाटलं, सारं उचलतो आन् तलावात टाकतो. मंग टांग म्हणा काय टांगतेस ते."

"मग टाकलं का नाही?"

"पहाटे पोतं घेऊन निघालो जी. उजाडलं तं आत पाहिलं. त्यात माझा पाना होता. माझं अक्षर ठोकलेला. तो सोडून गेला त्या दिवशी मीच देल्ला होता. मले वाटलं, यानं कधीच फेकला असंल." त्याने निमंत्रण माझ्याकडे परत सरकवलं. "फेकून होईना, साहेब. वापस नेऊन ठेवायचं तोंड नव्हतं."

माल कुठे आहे ते तो पंचांसमोर बोलला, तसा निवेदन पंचनामा केला. त्याने आम्हाला शेतातल्या खोपटात नेलं. गवताखाली ताडपत्री, ताडपत्रीत पाने. हवालदारांनी ताडपत्री उलगडली तर हसावं की रडावं कळेना. सगळे पाने डिझेलने पुसलेले, तेल लावलेले, सहा-सातपासून तीस-बत्तीसपर्यंत मापाने लावलेले. चोरीचा इतका निगुतीने ठेवलेला मुद्देमाल मी पुन्हा पाहिला नाही.

पाने मिळाले, पण मुद्देमाल म्हणजे कोर्टाचा. शनिवार-रविवार कोर्ट बंद; सुट्टीचे न्यायाधीश फक्त आरोपीची कोठडी बघतात, ती सोमवारपर्यंत मिळाली. सोमवारी सकाळीच सुपूर्दनाम्याचा अर्ज लावला, आरोपीलाही हजर केलं. पाने परत द्यायचा हुकूम अकराला झाला. मग जामिनाचं निघालं, तर उस्तादासाठी उभं राहायला कोणी आलं नव्हतं. फिर्यादी पुढे झाला. "मी राहतो जी."

मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही तर फिर्यादी ना?"

"होय जी. तो कुठं जात नाही. मी रोज पाहतो त्याले."

दुपारी कंपनीचा माणूस आला तेव्हा भिंत भरलेली होती. मी ओळख पटवून मुद्देमाल दिल्याच्या सह्या घ्यायला तिथेच होतो. पाहुण्याने भिंत दोनदा पाहिली, फोटो काढला, पाटी मंजूर झाल्याचं सांगून गेला. मी फिर्यादीचं अभिनंदन केलं. तो खूश दिसेना. रस्त्यापलीकडच्या बंद शटरकडे बघत होता.

मी म्हटलं, "अरे, जिंकलास ना? आता त्याला जळू दे."

तो माझ्यावरच खेकसला. "जळायले नव्हती केली, साहेब! भिंत रस्त्याकडं तोंड करून कायले केली मी? दुकान याच्याच समोर काऊन घेतलं? त्यानं एकदा यावं, पाहावं, म्हणावं का बरं लावलंस बाबू. बारा वर्षं झाले. आला तं चोरी करायले आला."

त्याची फिर्याद मी स्वतः लिहून घेतली होती, चांगली तीन पानं. काय गेलं, कसं गेलं, कोणावर संशय, सगळं विचारलं होतं. ही भिंत कोणासाठी आहे, एवढं मात्र विचारायचं मला सुचलं नव्हतं.