मागच्या खोलीतले पिंप

कोलशेत गावातून मासळीची पाटी घेऊन मी कारखान्याशेजारच्या वसाहतीत दारोदार जात असे. तेथेच १९८९ साली श्री. गुरुदत्त पेडणेकर यांची व माझी ओळख झाली. ते कारखान्यात नकाशे काढीत. घरी पत्नी मंदाकिनी आणि मातोश्री कलावतीबाई होत्या. मासळी नेहमी कलावतीबाईच पारखून घेत. गुरुदत्तभाऊ ती आवडीने खात, परंतु त्यांचे प्रेम जिवंत मासळीवर होते.

त्यांनी हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी मांडली व तीत नारिंगी मासे सोडले. पुढे पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी गाळणीची मोठी व्यवस्था योजिली. मोटारीची घरघर पाहुण्यांच्या कानी पडू नये, म्हणून गाळणी मागच्या खोलीत ठेवायचे ठरले. मागची खोली कलावतीबाईंची होती. ही अडचण आहे असे भाऊंच्या मनात आले नाही. त्यांनी भिंतीला दोन भोके पाडली, अर्धे कापलेले निळे पिंप मातोश्रींच्या खाटेच्या पायथ्याशी ठेवले आणि त्यात वाळू, खडी व कोळसा भरला. टाकीतून ओसंडलेले पाणी एका पाइपाने पिंपात उतरावे आणि मोटारीने ते दुसऱ्या पाइपाने परत टाकीत चढवावे, अशी ती योजना होती.

कलावतीबाईंनी आपली खोली कोरडी राहावी एवढेच मागितले. पाण्याच्या आवाजाने झोप चांगली लागते, असे भाऊंनी त्यांना समजाविले. मासळी घेताना त्या मला म्हणाल्या, "सगुणा, माशांना हॉल मिळाला गो, आणि त्यांची मोरी माझ्या पायाशी."

त्या सुमारास मी साक्षरता वर्गास जाऊ लागले होते. म्हणून भाऊंनी कौतुकाने नकाशा माझ्यापुढे धरला व अक्षरे वाचावयास सांगितले. मी 'येणारे पाणी' आणि 'जाणारे पाणी' वाचले. सर्व बाण मोटार चालू असतानाचे होते. मोटार थांबल्यावर पाण्याने काय करावे, ते कोठेही लिहिले नव्हते. परतीच्या पाइपाचे तोंड तर थेट टाकीच्या तळाशी दाखविले होते. आमच्या खाडीकाठच्या खाजणाच्या बांधाला उघाडी नावाची झडप असते; ती ओहोटीचे पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की आपोआप मिटते. तसे येथे काहीच नव्हते.

मी म्हटले, "भाऊ, वीज गेली का पानी त्याच पाइपानं मांगं येल ना?"

"सगुणाबाई, हे खाडीचं पाणी नाही. हे पाइपातलं आहे," भाऊ हसून म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी मोटार सुरू झाली. शुक्रवारी सकाळी भाऊंनी कचेरीतील सहा जणांना ही व्यवस्था पाहावयास बोलाविले, कारण शुक्रवारी कारखान्याला सुटी असे. दुरुस्तीसाठी त्या दिवशी वीज बंद ठेवीत, म्हणूनच ती सुटी होती. भाऊंना हे दहा वर्षे ठाऊक होते.

मी दारात सुरमई कापीत असताना वीज गेली. टाकी हळूहळू रिकामी होऊ लागली. पाहुण्यांना तोही यंत्राचाच भाग वाटला व एकाने वाहवा केली. तेवढ्यात मागून कलावतीबाईंची हाक आली. पिंप भरून वाहत होते. त्यांची ट्रंक पाण्यात होती, गादीचे टोक भिजले होते, आणि त्या पाय वर घेऊन खाटेवर बसल्या होत्या. भाऊ धावत आत गेले, आईच्या आंघोळीची बादली घेऊन बाहेर आले आणि रोळीने मासे त्या बादलीत भरू लागले. सर्व मासे वाचले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी परतीच्या पाइपाचे तोंड पाण्याच्या वर आणले व नकाशावर 'सुधारित' असे लिहिले. व्यवस्था त्यानंतर उत्तम चालली. खोलीची ओल मात्र गेली नाही. भिंतीचे पोपडे पडू लागले आणि कलावतीबाईंना खोकला जडला. पिंप हलवा, असे मंदाकिनीबाईंनी सुचविले. पिंप हलविल्यास मासे दगावतील, असे भाऊ म्हणाले. खाट हॉलमध्ये आणावी, असे मी सुचविले. टाकीसमोर खाट बरी दिसणार नाही, असे ते म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ आयुष्यात प्रथमच कोळीवाड्यात माझ्या घरी आले. चहा घेतला. आमचे घर कोरडे व हवेशीर आहे, असे दोनदा म्हणाले. मग कप खाली ठेवून त्यांनी मला विचारले, "सगुणाबाई, खोली वाळेपर्यंत आईला तुमच्याकडे ठेवून घ्याल का?"