दामूभाऊंचा हार

१९७४ साली नेरळच्या शाळेत दामूभाऊ फोटोवाल्यांची शोकसभा भरली आणि एकच घोळ झाला. जन्मभर मुंबईचे रस्ते काळ्या-पांढऱ्यात टिपणाऱ्या या गड्याचा स्वतःचा एकही फोटो नव्हता! हार टेबलावरच, भिंतीवर नुसती त्यांनी टिपलेली मुंबई.

तेवढ्यात दादरला रानभाजी विकणारी, नेरळजवळच्या पोशीरची गौराबाई एका फोटोपुढे ओरडली, "अगं बया, ही तर मीच!" मग तिला टोपलीजवळ पडलेली सावली दिसली. तिरपी टोपी, डोळ्याशी कॅमेरा. "आन् हे बगा दामूभाऊ! घावले!"

तिने हार उचलला. हेडमास्तर धावले, "अहो बाई, जिवंत माणसाच्या फोटोला हार?"

"एका हारानं मी काय मरत नाय!"

गौराबाईने हार असा चढवला, की फोटोतली ती स्वतः झाकली गेली आणि हाराच्या मधोमध सावली तेवढी मोकळी राहिली.