टोपली धरलेले हात

काल मसोलीत गणपतीच्या कारखान्यासमोरून जाताना ओल्या शाडूचा वास आला आणि २०१७ सालचं शाळेतलं प्रदर्शन आठवलं.

माझी भाची चंदा दीड वर्षाची असताना माझ्या धाकट्या बहिणीने दुसरं लग्न केलं आणि पोरीला माझ्याकडे ठेवून ती वापीला गेली. मी मासळी विकून चंदाला वाढवलं. ती नऊ वर्षांची झाल्यावर बहीण तिला न्यायला आली, तो नेमका प्रदर्शनाचा दिवस. मुलांनी मातीची 'आई' घडवली होती. बाकीच्या आयांच्या मांडीवर बाळं होती. चंदाने घडवलेल्या आईचे दोन्ही हात डोक्यावरच्या टोपलीला होते आणि पोर मागून तिचा कासोटा घट्ट धरून उभी होती.

शाळेच्या बाईंनी विचारलं, "अगं, आई पोराला जवळ घेते ना? हिचे हात वर कशाला?"

"मावशीचे हात मोकळे नसतात. मग मीच धरते," चंदा म्हणाली.

मला लाज वाटली. "सगळ्या गावासमोर माझा कासोटा मांडलास होय गं?" मी दटावलं.

बहीण बराच वेळ मूर्तीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, राहू दे तिला तुझ्याकडेच."

मला सुटल्यासारखं झालं. जेवून जा, एवढंही मी तिला म्हटलं नाही. ती गेल्यावर तिने आणलेला नवा फ्रॉक चंदाला घालायला घेतला, तर तो खांद्याखाली उतरेना. पाच वर्षांच्या पोरीच्या मापाचा होता. तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.